वाचक विचारतात : भुताला पत्ता पाहिजे

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की भयकथा लिहायच्यात, किंवा लिहिताय आणि कुठंतरी गाडी अडलीय, तर बिनधास्त विचारा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एकाने तर ऑडिओ मेसेज पाठवला आणि त्यात मागं कुत्रं रडतंय (मुद्दाम घातलं असेल तर शाबास). बहुतेक मंडळी सोलापूर शहरातली नाहीतर जिल्ह्यातली आहेत, त्यामुळे उत्तरंही सोलापूरच्याच हिशेबाने दिलीयेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कुणाचंच छापलेलं नाही, नुसता भाग किंवा गाव.

ताई, मला हॉरर रायटरच व्हायचंय, फिक्स आहे. पण माझी प्रत्येक गोष्ट सेम होते. कोकणात एक जुना वाडा, चार मित्र जातात, रात्री लाइट जाते, दुसऱ्या पानावर भूत दिसतं आणि मग पुढं काय लिहायचं तेच कळत नाही. मित्र वाचून हसतात. वाचणाऱ्याला घाबरवायचं कसं?
*– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर*

आधी मला हे सांग, कोकणातल्या वाड्यात तू राहिलायस किती? ट्रिपला गेला असशील, दोन दिवस, ते पण हॉटेलात. मग तिथल्या माजघरात रात्री रोजचा आवाज कुठला आणि वेगळा कुठला हे तुला कुठून कळणार, आणि तुलाच नाही कळलं तर वाचणाऱ्याला काय कळणार. भीती वाटायला रोजचं काय ते आधी पक्कं माहीत पाहिजे, तरच त्यातलं काहीतरी बिघडलंय हे जाणवतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, भुताला पत्ता पाहिजे. कुठली गल्ली, कितवा मजला, खाली दुकान कसलं, शेजारी कोण, सगळं. कोकणातल्या माणसांनी वाड्यावर लिहिलं कारण तो त्यांचा पत्ता होता, तुझा पत्ता जुळे सोलापुरातलं अपार्टमेंट आहे ना, मग तिथं ये.

आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि ते पण कधी कधी रात्री दोनला. दोनला अख्खी बिल्डिंग जागी, बायका-पोरं बादल्या, टब, पातेली, जे सापडेल ते भरतायत, कुणी कुणाशी बोलत नाही कारण सगळे अर्धवट झोपेत. आता वरचा एक फ्लॅट वर्षभर बंद आहे हे सगळ्यांना माहितीय आणि आज त्या फ्लॅटमधनं पण बादली भरल्याचा आवाज येतोय. एक भरली, सरकवली, दुसरी लावली. बाहेरगावच्या माणसाला यात काही वाटणार नाही कदाचित, पण सोलापूरचा माणूस पहिला प्रश्न हा विचारेल की तिथं एवढं पाणी कुणाला लागतंय? बघ, गोष्ट चालू झाली.

आणि अमावास्येची रात्रच कशाला पाहिजे रे? आपल्याकडची म्हातारी माणसं भर दुपारी बाराला चिंचेखाली जाऊ नको म्हणायची, ते उगाच नाही. मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, एवढ्या लख्ख उजेडात एवढं सुनसान शहर किती लेखकांना मिळतं? अजून एक फुकट देते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य बरोब्बर सोलापूरच्या डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, साडेबाराच्या सुमाराला उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. शाळेत मुलांना मैदानात नेऊन दाखवतात पण. मिनिटभराने सगळ्या वर्गाची सावली परत बाहेर यायला लागली आणि एका पोराची आलीच नाही. घे.

आता दुसऱ्या पानावर भूत दिसतं त्याचं. भूत दिसलं की भीती संपते, मग उरते ती पळापळ, आणि चार मित्र पळतायत याला गोष्ट कोण म्हणेल. त्यातल्या एकाला तरी काहीतरी पाहिजे असलं पाहिजे. समज एक पोरगा सेकंड शो बघून घरी येतो, दार वाजवतो. आई दार उघडत नाही, आतनं म्हणते, "तू तर मगाशीच जेवून झोपलायस की रे." बस. ना काळोख ना किंकाळी. आता पुढं काय लिहू हा प्रश्नच येत नाही, कारण त्याला स्वतःच्या घरात शिरायचंय आणि मीच खरा हे आईला पटवायचंय. तो आईला अशी कुठली खूण सांगेल जी फक्त त्याला माहितीय? आणि ती खूण आतल्याने आधीच सांगून टाकली असली तर?

आणि ते भयाण, किर्र, काळीकुट्ट, अंगावर सर्रकन काटा, काळजात धस्स, हे सगळं काढ. एकाच आमटीत चार चार वेळा मीठ घातल्यासारखं होतं. मित्र हसतात ना, ते गोष्टीला नाही हसत, या शब्दांना हसतात.

नमस्कार ताई. मी पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो, रात्रपाळीला. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली दहावीपर्यंत. डोक्यात गोष्टी लई येतात पण टाइम नाही आणि मराठी शुद्ध नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर टाइप करतो. मोठे लेखक म्हणे पहाटे उठून लिहितात, आम्ही पहाटे घरी येऊन झोपतो. आमच्यासारख्यानं प्रोसेस कशी ठेवायची?
*– एक कामगार, अशोक चौक*

दादा, पहाटेचं सोडून द्या, पहाटे उठल्याने कुणी लेखक होत असतं तर पेपर टाकणारी सगळी पोरं लेखक झाली असती. वेळ तुमच्या पाळीप्रमाणे ठरवायची. माग चालू असताना हात-डोळे कामात असतात पण डोकं मोकळं असतं, तुम्हीच म्हणताय गोष्टी तिथंच येतात, म्हणजे विचार करायचं काम तिथं होतंय की. जेवणाच्या सुट्टीत नुसत्या दहा ओळी टाइप करायच्या, स्वतःलाच मेसेज पाठवायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे मागचं वाचून दुरुस्त करत बसायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ते सगळे तुकडे एकाखाली एक लावायचे आणि तेव्हाच ठरवायचं काय राहणार आणि काय जाणार. लिहायची वेळ आणि खोडायची वेळ वेगळी ठेवली ना की अर्धी कटकट मिटते, नाहीतर पहिल्याच वाक्यावर माणूस महिनाभर घुटमळतो, असे लई बघितलेत मी.

पण तुमच्याकडे जे आहे ना ते पहाटे उठणाऱ्यांकडे नाही, ते जरा करूनच बघू इथं, म्हणजे प्रोसेस म्हणजे काय ते नीट कळेल.

कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा की माणसं बोलत नाहीत, हाताने खुणा करतात, ओठांवरून ओळखतात. चालू मागाचा आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही, ऐकू येतं ते माग थांबल्याचं. धागा तुटला, धाग्याची कांडी संपली, ती इकडून तिकडं नेणारा धोटा अडकला, एक माग गप्प झाला की मान आपोआप तिकडं वळते. बरोबर? म्हणजे तुमचे कान बाकीच्यांपेक्षा उलटे चालतात, हे झालं तुमचं रोजचं.

आता यात एकच गोष्ट चुकवायची, एकच, दोन नाही. रात्री अडीचला लाइट गेली. सगळे माग थांबले, अशी शांतता की कानात शिट्टी वाजायला लागते. आणि त्या शांततेत कोपऱ्यातला एक माग चालू आहे. खडक, खडक, खडक, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. लाइट नाही आणि माग चालू.

इथं बहुतेक लोक काय करतात, कोपऱ्यात लाल डोळेवाला कोणीतरी उभा करतात आणि वाट लावतात. आपण थांबायचं आणि विचारायचं, हा माग कुणाचा होता? आणि तो का चालवतोय? भुताला पण काम पाहिजे, उगाच कोण कशाला रात्री अडीचला येईल. आता कारखान्यातली सगळ्यात खरी गोष्ट कुठली असं मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय सांगाल, मला वाटतं उचल सांगाल. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला मालकाकडनं उचल घ्यायची आणि मग ती फिटेपर्यंत तो कारखाना सोडायचा नाही. तर समजा त्या कोपऱ्यातल्या मागावरचा माणूस मागच्या महिन्यात वारला, आणि त्याची उचल अजून फिटलेली नाही.

म्हणजे तो घाबरवायला आलेलाच नाही, तो कामाला आलाय.

अजून पुढं ढकलू. सकाळी मालक येतो. त्या मागावर टॉवेल विणून तयार आहेत. तुम्ही सगळे बाहेर उभे, कुणी आत जायला तयार नाही, आणि मालक शांतपणे आत जातो, टॉवेल मोजतो, वही काढतो, त्याच्या नावापुढं मांडतो. त्याला आश्चर्यच वाटत नाही. माझ्या मते गोष्टीतली सगळ्यात भयंकर जागा ही आहे, कोपऱ्यातला माग नाही, ही वही. आणि मग जो सांगतोय, म्हणजे तुमच्यासारखाच कोणीतरी, तो वहीत डोकावून आपल्या नावापुढचा आकडा बघतो.

एक सांभाळा, नियम ठरवला की मोडायचा नाही. लाइट गेली तरच तो माग चालतो असं ठरलं ना, मग शेवटी दिवसाढवळ्या सगळे माग आपोआप चालू झाले असलं काही करायचं नाही, कितीही मोह झाला तरी. गोष्टीतल्या माणसांनी तो नियम ओळखावा आणि लाइट जाऊ नये म्हणून धडपडावं, त्यात खरी मजा आहे. आणि लाइट जाणं सोलापुरात कुणाच्या हातात आहे का सांगा.

हे सगळं तुमच्याच चार ओळींवरून काढलंय, त्यामुळे गोष्ट तुमची, बदला, फेका, हवं तसं करा. मराठी शुद्ध नाही म्हणता, अहो ऱ्हस्व-दीर्घ बघायला आमच्याकडं मुद्रितशोधक बसलेत, कांडी कशी संपते हे त्यांना माहीत नाही. आणि घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. तुमच्या गोष्टीतला माणूस टॉर्च घेऊन कोपऱ्याकडं जाताना तेलुगूत काहीतरी पुटपुटेल, ते तसंच ठेवा, अर्थ सांगत बसू नका. चार भाषांचं गाव आहे आपलं, वाचणारे समजून घेतात.

आपल्या अंकाबद्दल आदर आहे म्हणून लिहितो. मी निवृत्त शिक्षक असून अनेक वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतो. एकीकडे गावोगावी आम्ही भूत नसते म्हणून सांगत फिरायचे आणि दुसरीकडे आपण तरुणांना भूतकथा लिहायला शिकवायचे, हे पटत नाही.
*– बार्शी*

सर, तुमचा राग समजतो आणि अर्धा मला मान्य पण आहे. जादूटोणाविरोधी कायदा आला 2013 साली, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, आणि त्याच्या अनुसूचीत पहिलंच काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल, भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरीने साखळीने बांधणं, काठीने चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. कायदा त्याबद्दल आहे, कागदावरच्या भुताबद्दल नाही. पण लिहिणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी असं मी सांगते, कारण धुरी दिलेल्या खोलीत कोंडलेल्या पोरीपेक्षा भयानक भूत मला तरी अजून कुणी लिहून दाखवलेलं नाही.

मला जिथं तुमचं पटतं ते हे, की भयकथेत उपाय विकायला नको. शेवटी मांत्रिक आला, लिंबू कापलं, अंगारा लावला आणि सगळं नीट झालं, अशी गोष्ट आली की मी परत पाठवते, अंधश्रद्धा आहे म्हणून तर आहेच पण गोष्ट म्हणून पण ती फुसकी असते, बाहेरनं कोणीतरी येऊन प्रश्न सोडवून गेला म्हणजे आपल्या माणसाने केलं काय.

दुसरं म्हणजे हडळ. बाळंतपणात बाई गेली की ती हडळ होते, अळवंतीण होते, आणि मग गावातल्या पुरुषांना धरते. ही समजूत आपल्याकडं किती जुनी आहे. आता जरा बघा, जिला दवाखाना मिळाला नाही, रक्त मिळालं नाही, बैलगाडीत जीव गेला, तिलाच आपण मेल्यावर व्हिलन केलं. नवीन लिहिणाऱ्यांना मी म्हणते, तिच्या बाजूने लिहून बघा. ती पिंपळावर कशाला बसेल, ती दवाखान्याच्या दारात उभी राहील आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला विचारेल, डॉक्टर आहेत का आत? तसंच एकटी राहणारी म्हातारी, वेडसर बाई, विधवा, यांना चेटकीण करायचं बंद करा, अशाच बायकांना गावात खरोखर त्रास होतो हे सर तुम्ही रोज बघता.

बाकी वाचणाऱ्याला माहीत असतं हो, ही गोष्ट आहे. गोष्ट संपली की तो दिवा लावतो, पाणी पितो आणि झोपतो. तुमच्याकडं जे लोक येतात ते गोष्टी वाचून आलेले नसतात, त्यांना घरात कुणीतरी सांगितलेलं असतं, नाही का? तुमच्या कामातल्या एखाद्या प्रसंगावर तुम्हीच का लिहीत नाही, नावं बदलून. मी खरंच विचारतेय.

मी विड्या वळते. आम्ही बायका एकत्र बसतो, हात चालू असतात आणि गोष्टी पण चालू असतात, त्यातल्याच मी वहीत लिहिते. पण रात्री लिहिलं की मलाच भीती वाटते. दोन-तीन वेळा तर पहाटे जाग आली आणि छातीवर कोणीतरी बसलंय, हात हलत नाही, ओरडता येत नाही असं झालं. सासूबाई म्हणतात असलं लिहितेस म्हणून झालं, बंद कर.
*– विडी घरकुल*

ताई, आधी छातीवरचं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि हे न लिहिणाऱ्यांना पण होतं. झोपेत स्वप्न पडतात त्या टप्प्यात शरीर आपले स्नायू सैल सोडून देतं, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच उठून पळालो असतो. कधी कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर अजून तसंच सैल असतं, म्हणून हात हलत नाही, छाती जड वाटते, खोलीत कोणीतरी आहे असं पण वाटतं. काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं, आणि जातं. झोप अर्धवट झाली, वेळा उलट्यासुलट्या झाल्या, उताणं झोपलं की जास्त होतं. वारंवार व्हायला लागलं किंवा दिवसभर झोपाळल्यासारखं वाटायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

आणि रात्री लिहायचं कुणी सांगितलंय? दुपारी बाराला अंगणात बसून लिहा, भयकथेला काही फरक पडत नाही. स्वतःला भीती वाटते हे मात्र चांगलं आहे, जिथं लिहिताना हात थांबला ती जागा वहीत खूण करून ठेवा, बहुतेक गोष्ट तिथंच असते आणि आपण मात्र दुसरंच लांबण लावत असतो. पहाटेचा तो अनुभव पण लिहून काढा, पण कोण बसलं होतं ते सांगू नका, वजन सांगा. ओळखीचं वजन वाटलं का? लहानपणी कुणी असं बसायचं का?

सासूबाईंना बंद करायला नाही, ऐकायला बसवा. माझा अनुभव आहे, असलं लिहू नये म्हणणाऱ्या बाईला गोष्ट वाचून दाखवली की ती मध्येच थांबवून सांगते, "असं नसतं गं, आमच्या गावात काय झालतं सांगू का," आणि पुढची गोष्ट फुकटात मिळते. विड्या वळणाऱ्या बायकांना गोष्ट कुठं ढिली पडली ते बरोबर कळतं, हात चालू असतात पण मान वर येत नाही म्हणजे ढिली पडली, हात थांबले म्हणजे पकडलं. हे वहीत टिपा, यापेक्षा चांगलं एडिटिंग पुण्या-मुंबईत पण मिळत नाही.

माझी गोष्ट एका ऑडिओ चॅनेलने न विचारता वाचली, नाव पण दिलं नाही, वर सुरुवातीला "सत्य घटनेवर आधारित" म्हणून सांगितलं. काय करता येतं? आणि इंग्रजी कथेवरून मराठीत घेतलं तर चालतं का, आधीचे लोक घ्यायचेच ना?
*– सैफुल*

तुम्ही लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, फक्त तारखेचा पुरावा ठेवा, स्वतःला केलेला ईमेल, छापलेला अंक, काहीही. यूट्यूबवर असेल तर तिथंच कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरा. त्याआधी चॅनेलवाल्याला एक सरळ मेसेज करून बघा, बरेच जण नाव घालतात आणि माफी पण मागतात. पुढच्या वेळी कुणी मागितली तर पैसे किती, नाव कुठं येणार, किती दिवस वापरणार, एवढं मेसेजवर तरी लिहून घ्या. "एक्सपोजर मिळेल" म्हणाले तर नमस्कार करा.

इंग्रजीवरून घ्यायचं तर असं आहे, नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून आलीय हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो काळ वेगळा होता, आता वाचणाऱ्याच्या हातात पण तेच मूळ पुस्तक असतं. नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, पण प्रसंग, पात्रं, मांडणी उचलली की परवानगी लागते. आपल्याकडं लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतात, त्याआधी हात लावायचा तर विचारून. आणि खरं सांगू, गोष्ट उचलली तरी सोलापूरचा पत्ता टाकायला गेलात की निम्मी आपोआप बदलते.

आमचं जुनं गाव उजनीत गेलं. माझा जन्म नवीन गावठाणातला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती, देवळाचे दगड वर येतात, लोक फोटो काढायला येतात. मला यावर भयकथा लिहायचीय पण वडील म्हणतात, आमच्या दुःखाचं भूत करू नको.
*– करमाळा तालुका*

वडिलांचं ऐक, पण लिही.

दोन्ही जमतं, सांगते कसं. भीमेवरचं ते धरण 1980 ला झालं, म्हणजे जुन्या घरात जी राहिलीत ती माणसं आता म्हातारी झालीत, तेव्हा पहिलं काम लिहायचं नाही, विचारायचं. भूत-बित काही विचारू नको, साधं विचार. दार कुठल्या दिशेला होतं, उंबरा झिजून खाच पडली होती का, आड कुठं, निघताना शेवटी कोण बाहेर आलं, कुलूप लावलं होतं का? मला या कुलपाची फार उत्सुकता आहे. घर पाण्यात जाणार हे माहीत असताना माणूस कुलूप लावतो की नाही लावत, आणि लावलं असेल तर किल्ली कुठाय? तुझ्याच घरात एखाद्या डब्यात पडलेली असली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पळसदेवचं देऊळ, बाकीच्या गावांचे वाडे, दर काही वर्षांनी पाणी खाली गेलं की वर येतात आणि पेपरात फोटो येतात. फोटो बघणाऱ्याला ते भुताटकीचं गाव वाटतं, तुझ्या वडिलांना ते गाव वाटतं, हा जो फरक आहे त्यात तुझी जागा आहे कारण तू दोन्हीकडचा आहेस. बुडालेली माणसं रात्री वर येतात असलं काही करू नको, वडील चिडणार ते बरोबरच, कुणी बुडालं नव्हतं, सगळे उठून गेले होते. मग खाली राहिलं कोण? म्हणजे माणसं गेली, देव हलवले, जनावरं नेली, पण उंबऱ्याखाली पुरलेलं, आडाच्या तळाला असलेलं, साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना, दरवर्षी जे द्यायचं ठरलेलं होतं ते, ते कुठं गेलं, ते देणं कोण भागवतंय? गाव उठलं पण गावाचा शब्द तिथंच राहिला, आणि दुष्काळाच्या वर्षी पाणी उतरलं की तो आठवण करून द्यायला उघडा पडतो. यात तुझ्या माणसांचं भूत होत नाही. उलट ज्यांनी त्यांना उठवलं आणि ज्यांनी तो शब्द विचारलाच नाही त्यांच्यावर येतं ते.

पहिला खर्डा वडिलांना दे. त्यांनी ज्या ओळीवर बोट ठेवलं ती काढायची की नाही ते तू ठरव, पण का ठेवलं ते मात्र विचार.

भयकथा लिहायला काय काय वाचावं? आणि भूत तुम्ही स्वतः बघितलंय का?
*– टिळक चौक*

धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यापासून सुरुवात कराच, पण नुसती भयकथा वाचून भयकथा येत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुने दिवाळी अंक मागा, 1909 पासून आपल्याकडं दिवाळी अंक निघतायत, कुठली भीती जुनी झाली आणि कुठली अजून चालते ते आपोआप कळतं. कंदील विझणं आता चालत नाही, म्हाताऱ्या माणसाने आपल्याला न ओळखणं अजून चालतं. पोलिसांच्या बातम्या, कोर्टाचे निकाल, जाहीर नोटिसा पण वाचा, "खालील मयत इसमाची ओळख पटवावी" अशी नोटीस रोज कुठंतरी छापून येते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ऐका, गोष्ट सांगतोय असं वाटू न देता ते सांगतात, ती पद्धत शिकण्यासारखी आहे.

भूत नाही बघितलं. बघितलं असतं तर त्यालाच कॉलम लिहायला बसवलं असतं.

दिवाळी अंकासाठी कथा कधीपर्यंत पाठवू? हाताने लिहिलेली चालते का? शब्द किती?
*– माढा, अक्कलकोट, मंगळवेढा आणि अजून बरेच*

गणपतीच्या आधी आमचं बरंचसं काम उरकलेलं असतं, त्यामुळे आषाढी झाली की पाठवा, दसऱ्याला पाठवलेली कथा पुढच्या वर्षीच्या पिशवीत जाते. दोन ते अडीच हजार शब्द बरे, चार हजार असतील तर प्रत्येक शब्द कामाला लागलेला पाहिजे. हाताने लिहिलेली चालते, कागदाच्या एकाच बाजूला लिहा, पानांना नंबर घाला, मूळ प्रत स्वतःकडं ठेवा आणि झेरॉक्स पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर वहीचे तिरके फोटो नकोत, टाइप करून एकाच मेसेजमध्ये. आणि वर "सत्यकथा" असं लिहू नका, मागच्या वेळी आलेल्या निम्म्या कथांवर तेच होतं.